डाव्या बाहीचा वाद

२४ सप्टेंबर

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. इतके महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी. (वेळ नव्हता असे लिहिणार होतो, पण वेळ होता. तो फोनवर गेला.) गुडघा काय म्हणतो? मामींचे ऐकता ना?

समाजमाध्यमांच्या कंपन्या जग बिघडवतात हे माझे मत तुम्ही अनेकदा जेवताना सहन केले आहे. पण बायकोने जिन्याखालच्या खोलीत शिवणकाम सुरू केले आणि गिऱ्हाईक फिरकेना. "महिनाअखेरपर्यंत बघते, नाहीतर परत कारखान्यात कॉलरी जोडत बसते," असे ती म्हणाली, तेव्हा मत गुंडाळून मी दुकानाचे पान उघडले. पहिली जाहिरात प्रामाणिकपणे लिहिली : 'कपडे बहुधा वेळेवर मिळतील.' ('बहुधा' खोड, असे ती म्हणत होती. माझा हात धजेना.) ती कोणी वाचली नाही.

मग समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पानावर लिहिले की त्यांच्या ड्रेसची डावी बाही आखूड आहे. मी गप्प बसायला हवे होते. पण आरोप तपासलाच पाहिजे म्हणून ड्रेस मागवला, टेप लावली आणि उत्तर टाकले की बाह्या सारख्या आहेत, बाईंचा डावा हात लांब आहे. संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले. ज्यांनी ना ड्रेस पाहिला ना बाई, तेही तावातावाने लिहू लागले. कोणी मला बायकांचा शत्रू ठरवले, कोणी दातांचा. एका गृहस्थाने काही संबंध नसताना माझ्या वडिलांचा उद्धार केला. (वडील आज नाहीत ते बरे, त्यांनी उत्तर दिले असते.) कंपनीने मात्र अभिनंदन धाडले : 'तुमचा मजकूर लोकांना आवडतो आहे!'

गंमत म्हणजे त्यातलेच बरेचजण दुकानात आले. "दोन्ही हात वेगवेगळे मोजा हं," म्हणाले. मशीन दिवसभर चालू. बायकोने कारखान्याचे नाव काढणे सोडले.

पण माझे मन खाऊ लागले. दवाखान्यात जाऊन बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, लांबच आहे माझा हात. आई कधीची सांगते. आता आलाच आहात तर आ करा, दाढा बघू." समेट झाला. आम्ही दोघांनी तसे पानावर लिहिलेही. शिवीगाळ गावभर वाटणाऱ्या कंपनीने हा समेट फक्त माझ्या बायकोला आणि बाईंच्या नवऱ्याला दाखवला. गिऱ्हाईक पुन्हा ओसरले. तेव्हा माझे मत कायम आहे : या कंपन्या भांडणावर जगतात. (काही दिवस आम्हीही त्यावरच जगलो, हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.)

आपला,
भाचा

ता. क. : दुकानाच्या पानाचा पत्ता मागे लिहिला आहे. सहज.

आणखी एक ता. क. : जिव्हारी लागेल असे लिहिण्यात आपल्या घरात तुमचा हात कोणी धरणार नाही. दुकानाविरुद्ध एक सणसणीत तक्रार लिहाल का? मी उलट उत्तर देईन, त्याचा राग मानू नये. महिना संपत आला आहे.

शेवटचा ता. क. : खोटी तक्रार मला पटणार नाही. म्हणून खरोखरच वाकड्या कॉलरचा शर्ट तुम्हाला पाठवतो आहे. बायको म्हणते, "मला वाकडे शिवता येत नाही. तुम्हीच बसा मशीनवर."

(वहीत टिपून ठेवले आहे, उद्या : मामांची कॉलर शिवणे.)