आमटीतलं ओगराळं

२ जानेवारी
ओतूर स्टँडमागच्या फॅब लॅबमध्ये आजपासून रोज एकच तास. काम झालं की उठायचं. तिथे माणसं थ्री-डी प्रिंटर वापरायला येतात की पाय पसरायला, देव जाणे. ठमाबाईंनी ठिबकच्या नळ्यांचे चार प्लास्टिकचे जॉइनर छापले आणि तीन तास शेंगा सोलत बसल्या. मी होतो म्हणून माहीत.

५ जानेवारी
लॅब चालवणारी वृषाली म्हणाली, २६ तारखेला मार्गदर्शकाच्या नावाची पाटी लावायची, नाव सगळे मिळून ठरवू. यात ठरवायचं काय? एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली मी. इथे माझ्याशिवाय सरळ रेष येते कुणाला? त्या पाटीवर माझंच नाव पाहिजे.

८ जानेवारी, सकाळी ११
काम दाखवून तोंडं बंद करायची. आणे गावच्या यात्रेत एवढी माणसं आमटी-भाकरी जेवतात आणि वाढायला तीच जुनी ओगराळी. मी नवीन डिझाइन केलंय. लांब दांडा, वळणदार चोच, दांड्यावर माझी सही. मेव्हणे भगवंत तिथे वाढपी असतात. फोन करून सांगितलं, पहिली पंगत माझ्या ओगराळ्याने. बरं म्हणाले. फोनवर उत्साह कळत नाही.

११ जानेवारी
प्रिंटला सात तास. शेजारी बसून होतो. चहा पाच वेळा. गप्पांत भाग घेतला नाही, फक्त चुका सुधारल्या.
ठमाबाई म्हणाल्या, सर, माजा जॉइनर उन्हात वाकला, ह्ये आमटीत कसं टिकंल? वृषाली म्हणाली, आधी गरम पाण्यात बुडवून बघा. अजिबात नाही. डिझाइनची परीक्षा बादलीत घेत नसतात.

१५ जानेवारी, आणे
पंगत बसली. बादलीत ओगराळं बुडवलं. वर काढलं तर चोच मान टाकून लोंबत होती. आमटी माझ्या पायावर. समोरची म्हातारी म्हणाली, पावणं, ह्ये लई दमलंय, त्याला बसवा कुठंतरी. अख्खी पंगत हसली. भगवंतांनी ती बादली बाजूला नेली, जुनं ओगराळं आणलं आणि म्हणाले, दाजी, तुमी जेवायला बसा.
आमटी गरजेपेक्षा जास्त गरम होती.

१६ जानेवारी
लॅब कायमची बंद. म्हणजे मी जाणार नाही. ओगराळं भगवंतांकडेच राहिलं, राहू दे.

२० जानेवारी
ही लेकीकडे पुण्याला. घरात मी एकटा. दिवसभर कुणी काही चुकीचं बोललंच नाही. करमत नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदनाहून येताना सहज डोकावलो. पाटी लागलीय. मार्गदर्शक: ठमाबाई. मतं मागितली की असंच होतं.
शेजारी खिळ्याला माझं ओगराळं, मान टाकलेलंच. भगवंत आणून देऊन गेले म्हणे. त्याखाली लाकडावर लेझरने कोरलंय: 'गरम कामाला चालत नाही. अनुभव: सावळेराम डुंबरे सर.'
ठमाबाईंनी खुर्ची सरकवली, सोलायच्या शेंगांचं सूप पुढे केलं. एक तास बसायचं ठरवलं, लॅब बंद होईपर्यंत बसलो.
अक्षरं मात्र एका सरळ रेषेत आहेत. कुणी कोरली, विचारलं. ठमाबाईंनी.