रंधा मशीनचा उजवा कौल

मसुरे, १२ मे

तीर्थस्वरूप धोंडूभावोजींच्या पायाशी मेव्हणा परशुराम याचे दंडवत. तुमचा गुडघा आणि सुगंधाताईची शुगर दोन्ही ताब्यात असोत. आम्ही सारे खुशाल. बाळंतपणाला आलेल्या आकांक्षेला नववा लागलाय, विनिता लेकीला उठू देत नाही आणि नवऱ्याला बसू देत नाही.

पत्र लिहायचं कारण म्हणजे आभार. (हल्ली फोन करतो तेव्हा ताई सांगते, "ते बागेत गेलेत." भावोजी, डोंबिवलीत रात्री साडेनऊला कसली बाग?) नातवंडाच्या पाळण्यासाठी फणसाच्या फळ्या तीन वर्षं सुकवून ठेवल्या, पण रंधा मशीन कोणती घ्यावी हे कळेना, तेव्हा तुम्ही दर रविवारी तासभर फोनवर मला शिकवलंत. फळी सरळ करायला एक आणि जाडी सारखी करायला दुसरी, अशा दोन मशिनी परसातल्या मांगरात मावणार नाहीत, दोन्ही कामांची एकच घे. फळ्या नऊ इंची आहेत, सहा इंची मशीनच्या नादाला लागू नको, दहाची घे. एवढं कोण सांगतो हो हल्ली? तुम्ही आणखी एक म्हणाला होतात, "घरचा मीटर बघून घे." मी म्हटलं, मीटर काय बघायचा, रोज बघतो.

तरी मनाची खात्री होईना, म्हणून देवळात गेलो. शिवा गुरवाने गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. दोन मशिनी? डावा, म्हणजे नको. एकच? लख्ख उजवा! मी तिथूनच दुकानदाराला फोन केला आणि त्याच तोऱ्यात, शिमग्याला आलेल्या ताईबरोबर तुम्ही माझ्याकडे ठेवून गेलेला सागवानी हातरंधा परत पाठवला. सोबत चिठ्ठी, "आता हा शोकेसमध्ये ठेवा." ती चिठ्ठी लिहिताना माझी अक्कल खंय चरायला गेली होती, देव जाणे.

एप्रिलमध्ये मशीन आली. सहा जणांनी उचलली, मांगराची चौकट काढावी लागली, विनिताने हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. वायरमन आला, मोटर बघितली आणि हसतच बसला. मशीन थ्री फेजची, आमच्या घरचा मीटर सिंगल फेजचा! मी तावातावाने शिवाकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "परशुराम, मशीन घेवची काय ता तू इचारलंस, देवान सांगल्यान. फेजाचा खंय इचारलंस?"

थ्री फेजचा अर्ज दिलाय, कधी मिळेल सांगता येत नाही. तोवर मशीनचं ओतीव टेबल इतकं सपाट आहे की विनिता त्यावर ताटं मांडून फणसपोळी वाळवते. म्हणते, पैसे वसूल झाले. आकांक्षेच्या वेळचा पाळणा तुम्ही याच मांगरात चार दिवसांत केला होतात, एका हातरंध्यावर. तो वाळवीने खाल्ला, पण त्याची कड मला अजून आठवते. लोण्यासारखी होती. तुमचे उपकार मोठे आहेत, भावोजी, आणि मी तोंडाचा फटकळ.

तुमचा,
परशुराम

ता. क. : तो हातरंधा शोकेसमध्ये गेला नसेल तर परत पाठवाल का?

ता. क. २ : पार्सलने नको. धरायचा कसा ते मी विसरलो. काल शेजाऱ्याच्या रंध्याने फळीला गुडघाभर खड्डा पाडला.

ता. क. ३ : पत्र टाकायचं राहिलं. आज पहाटे आकांक्षेला मुलगी झाली, दोघी सुखरूप. बाराव्या दिवशी बारसं आणि पाळण्याच्या नावाने चार फळ्या. भावोजी, देवाला फेजचं विचारायचं राहिलं, तसं तुम्हाला 'चुकलो, या' म्हणायचंही राहिलं होतं. आता विचारतो. येशात मां?

(रंध्याच्या पात्याला धार लावूनच आणा.)