वेरेनाचा अर्ज

कैरो, सोमवार

लाडके अँजेल,

सुखरूप पोचले. गुडघे कुरकुरत नाहीत, काळजी सोड.

माझा नजीब मात्र लेकीचा कॉलेज-प्रवेशाचा अर्ज स्वतःच भरत बसलाय. वेरेनाला सत्त्याण्णव टक्के पडले, म्हणून पहिली पसंती डॉक्टरकी! म्हणे, "एवढे मार्क वाया घालवू का, आई?" पोरीला हवंय भूगर्भशास्त्र, रक्त दिसलं की ती कोसळते. मुदत उद्या दुपारपर्यंत.

मी तिला म्हटलं, "कॉलेजात बाप सोबत येणार नाही. आपला अर्ज आपण भरायला शीक."

नजीब भडकला, "तू मध्ये पडू नकोस!"

मग मी त्याला तुझ्या लेकाचं, वासिफचं सांगितलं: त्याच्या अर्जात डॉक्टरकी मीच लिहिली होती. नजीब खुर्चीवरून उठला. वेरेना बसली.

डॉक्टरकी अर्धवट सोडून आलेला तुझा लेक आता जेवायला तरी खोलीबाहेर येतो का गं?

तुझी अपराधी बहीण,
ओदेत