मेण पाजलेली चेन

चिखला, १८ नोव्हेंबर १९७९

ती. सौ. रुखमावहिनीस,
भोजराजचा शि. सा. न. वि. वि.

आज लिहू, उद्या लिहू करता करता दिवाळी निघून गेली. अंतर्देशीय खिशात घेऊन हिंडलो, ते घामानं मऊ पडलं. सध्या खाणीजवळ भय्याजींच्या सायकल दुकानात आहे. इथं मँगनीजची काळी धूळ. तेल टाकलेली चेन लगेच डांबर होते. म्हणून भय्याजी चेनीला गरम मेण पाजतात. काल एकजण अस्वल दिसल्याचं सांगत होता, पण ते राहू द्या.

धानाच्या बांधीतल्या चिखलानं बाबांच्या सायकलची चेन अडते, गुडघे भरून येतात, असं तुम्हीच लिहिलं होतं. तर मेणबत्त्यांचे तुकडे डब्यात घालून डबा उकळत्या पाण्यात ठेवा. मेण वितळलं की चेन बुडवा, बुडबुडे थांबले की काढून खिळ्याला टांगा. बाबांना माझं नाव सांगू नका.

महिनाअखेर ट्रकवर रायपूरला जाणार आहे. पुढचं माहीत नाही. जीव कुठंच लागत नाही.

लोभ आहे तसाच राहू द्यावा.
आपला, भोजराज


करडी, २४ नोव्हेंबर

चि. भोजराजभाऊजींस,
रुखमाचे अ. आ. वि. वि.

तुमच्या मेणानं फजिती केली. चेनीचं जुनं तेल आधी धुवायचं, हे लिहायलाच विसरलात! सगळे पापुद्रे निघून बाबांच्या धोतराला चिकटले. ते म्हणाले, असं अर्धवट काम आपल्या भोजराजचंच, पुरं करायले तो कधी थांबला? तुम्ही घर सोडल्यापासून पहिल्यांदा तुमचं नाव घेतलं त्यांनी.

मग त्यांनी स्वतःच चेन घासलेटात धुतली, वाळवली, पुन्हा मेणात सोडली. आता सायकल मुकी झाली. आधी तलावाच्या पाळीवर करकर ऐकली की मी ताट वाढायची. आता ते दारात उभे आणि भात अजून चुलीवर! रोज बोलणी खाते.

थकले हो तुमच्या दोघांच्या मध्ये. तुम्हाला वाटतं, बाबांनी बोलवायला हवं. ते म्हणतात, गेला त्यानंच यावं. रायपूरला गेलात की तुम्ही परतणार नाही, हे त्यांनाही कळते. तुमचं पत्र दोनदा वाचायला लावलं, अन् ऐकलंच नाही असं दाखवलं. जाण्याआधी एकदा तोंड दाखवा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची वहिनी


चिखला, ३० नोव्हेंबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

येणं जमणार नाही. ट्रक उद्या पहाटे निघतो, थैली बांधून झाली. मी पाळीवर येऊन उभा राहिलो आणि बाबांनी तोंड फिरवलं तर? तेवढी ताकद उरली नाही. त्यांना सांगा, चेन पुन्हा करकरली की मेण झिजलं समजायचं

इथवर लिहिलं आणि कागदावर सावली पडली. गिऱ्हाईक समजून मान वर न करता म्हटलं, थांबा जरा. पाहतो तर बाबा! सायकल धरून उभे, धोतर काळंभोर, चेन तेवढी कोरडी. कानाला काही कळलंच नाही, वहिनी. तुम्हालाही न सांगता निघाले म्हणे. थैलीकडे बघत म्हणाले, चेन ढिली झाली, कडी काढून दे. मंग तुले जिकडं जायचं तिकडं जाय. असं बोलून दुकानातच बसले, आणि गुडघे चोळत माझ्या मडक्यातलं पाणी पितात.

कडी काढायला आज वेळ लावणार आहे. हे पत्र आज मोहाडीकडे जाणाऱ्या गाडीवाल्याजवळ देतो, रात्रीपर्यंत तुम्हाला मिळेल. उद्या पाळीकडे कान देऊ नका, नजर ठेवा. ताटं दोन वाढा.

आपला, भोजराज