पाणथळाची नववी राखणदार

सोमवार, ३ मार्च

आले एकदाची! नोकरी, बांधावरच्या दोन खोल्या आणि खिडकीबाहेर एवढं मोठं पाणथळ. सगळं मामामुळे. आई गेल्यावर त्यानेच मला वाढवलं आणि आता त्याच्याच नगररचना कार्यालयात चिकटवलंही त्यानेच. पद राखणदाराचं. ठमीला राखणदार केलंय, म्हणजे बगळेच हिची राखण करणार, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला.

नियम त्याने स्वतः समजावला. शहराला घरं हवीत, पण पाणथळ बुजवलं तर शहरच बुडेल. म्हणून इथे बांधायचं नाही. इथे झाली असती ती घरं रस्त्यापलीकडच्या उंच इमारतीवर जादा मजले म्हणून चढवायची. असे आठ झालेत, नवव्याचं काम चालू आहे. दर जादा मजल्यामागे एक नवा राखणदार रजिस्टरात सही करतो. मामाने पानावर हात आडवा धरून जागा दाखवली, मी झोकात सही ठोकली.

गमबूटही मिळाले. माप न विचारता आणलेले, तरी बरोब्बर बसले. मामी ते पाहून तडक आत निघून गेली.

बुधवार, ५ मार्च

काम सोपं. सकाळी पाण्यात उतरायचं आणि पाणी कुठवर आलं ते गळ्यात अडकवलेल्या वहीत लिहायचं. मोजपट्टी नाही. अंगावरच मोजायचं, जुनी पद्धत आहे म्हणे. घोटा, पोटरी, गुडघा. आज पोटरी. वहीत जागा उरते, म्हणून रोजनिशीही हिच्यातच.

पाण्यात एका ओळीत आठ खांब आहेत, काळे, माणसाएवढे. जुन्या कुंपणाचे असावेत. त्या नवव्या मजल्यावर दादाचं, म्हणजे माझ्या मामेभावाचं, घर होणार आहे. खिडकीतून मला हात करेन म्हणाला. आधी ही नोकरी तोच करणार होता, पण त्याला म्हणे चिखल सोसेना. लाडोबा आहेच तो.

मंगळवार, ११ मार्च

पाणी ओसरलंय. घोट्याच्याही खाली. आज पहिल्यांदा खांबांची बुडं उघडी पडली.

खांबांच्या पायांत गमबूट आहेत.

कुणाचा तरी वात्रटपणा, असं स्वतःला समजावत जवळ गेले. एक बूट ओढून पाहिला, निघेना. आत काहीतरी गच्च भरलेलं होतं. खांबाच्या वरच्या टोकाला दोरीत एक वही लटकत होती, भिजून लगदा झालेली. माझ्यासारखीच. कार्यालयातल्या मोजणीवाल्या काकांना विचारलं, तर ते खाली मान घालून म्हणाले, नोकरी नवी आहे, फार वाकून बघू नये.

शुक्रवार, १४ मार्च

बूट निघत नाहीत. सकाळपासून ओढतेय. साबण लावला, तेल लावलं. शेवटी कात्रीने रबर कापायला गेले, तर मलाच दुखलं. रबरातून रक्त—

मामाला फोन केला. घाबरू नकोस, येतो म्हणाला.

दुपारी

मामा आला. बांधावर बसून त्याने माझा पाय मांडीवर घेतला, लहानपणी काटा काढायला घ्यायचा तसा. मला तेवढ्यानेच धीर आला. म्हणाला, रबर पाण्यात सैल होतं, थोडा वेळ उभी राहा. कुठे, तेही त्याने दाखवलं. खांबांच्या ओळीच्या शेवटी.

उतरले. तो सांगतोय म्हटल्यावर का नाही उतरणार?

शनिवार, १५

पाय हलत नाहीत. पाणी गुडघा. नाही, मांडी. पलीकडे नवव्या मजल्याचा स्लॅब ओतताहेत. काँक्रीट वर चढतं तसतसं इथलं पाणी—

मामा बांधावरच आहे. साक्षीदार म्हणून त्याची सही राहिली होती, म्हणून रजिस्टर आणलंय. मी म्हटलं, दाखव. दाखवलं त्याने. आता हात आडवा धरायचं कारण उरलं नाही. माझ्या सहीखाली पांढरा रंग फासलाय, आणि त्याखालून दादाचं नाव दिसतंय.

केसाने गळा कापला. माझ्या मामाने.

मीच का, विचारलं. तो रडत होता.

"घरंही हवीत, पाणीही हवं. मध्ये कुणीतरी उभं राहायलाच लागतं, ठमे. दादा माझा पोटचा आहे."

मग मी कोण होते—

कंबर. बोटं काळी पडताहेत, लाकडासारखी कडक. पेन्सिल धरवत—

स्लॅबचं यंत्र थांबलं. वर दादा उभा आहे. हात करतोय. मी ओरडले, आवाज फुटला नाही—

मामाने स्वतःची वही उघडली. विचारलं, पाणी कुठवर? सवयीने सांगून गेले, छाती. आवाज तेवढ्यापुरता फुटला. त्याने लिहून घेतलं.

मामा, एकदा हात दे, फक्त ए—