पुढच्या दोन खोल्या आणि कलम दहा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, वकिलांच्या कचेरीत तेहतीस वर्षं मसुदे लिहून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी नवऱ्यावर विश्वास असताना केलं होतं.

१. बँकेतली ठेव आणि कपाटातलं जे काही सोनं आहे ते माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावं. त्यावर कोणाचा हक्क नाही आणि वादही नाही.

२. माझे कैलासवासी यजमान शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. त्यांच्या हत्यारांची पेटी मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंना द्यावी. त्यांचं यंत्र ते फुकट दुरुस्त करून यायचे आणि मला सांगायचे, पैसे मिळाले. खोटं बोलताना त्यांची मान तिरकी व्हायची, त्यामुळे मला लगेच कळायचं. आयुष्यात एकदाच झाली नाही. ते खाली येईलच.

३. राहतं घर. मागच्या तीन खोल्या मुलीच्या. पुढच्या दोन खोल्यांत पाणीधोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं नोंदणीकृत कार्यालय आहे. जागेचं ना हरकत पत्र माझं आहे आणि ते मी हयात असेपर्यंतच चालेल, असं त्यात मीच लिहिलं आहे. म्हणून या खोल्यांबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

ही संस्था प्राध्यापकांनी काढली असं सगळीकडे छापून येतं. कल्पना त्यांची होती, मान्य. पण कल्पनेची नोंदणी होत नाही. उद्देशपत्रिका मी लिहिली, नियमावली मी लिहिली, नोंदणी कार्यालयात खेटेही मीच घातले. तिथल्या कारकुनाने अर्ज तीनदा परत केला. एकदा तर उद्देशात "इत्यादी" हा शब्द होता म्हणून. "बाई, इत्यादी म्हणजे काय काय? उद्या इत्यादीत दारूचं दुकान बसवाल," म्हणाला. मी तेव्हा चिडले होते. आज वाटतं, त्या साऱ्या प्रकरणात शहाणा माणूस तोच होता.

कायद्याला सात सभासद लागतात. आमचे सहाच जमत होते. सातवे म्हणून मी यजमानांना बसवलं. ते म्हणाले, "मला धोरण म्हणजे काय ते कळत नाही. सही कुठे करू, तेवढं सांग." मी बोट ठेवलं, त्यांनी सही केली. पुढे सगळे त्यांना "सातवे" म्हणूनच हाक मारायचे आणि ते हसून ओ द्यायचे.

नियमावलीतली दोन कलमं इथे सांगते. कलम दहा: अभ्यासाच्या निष्कर्षातून ज्याचा फायदा होणार असेल, त्याच्याकडून संस्था देणगी घेणार नाही. कलम सतरा: सभासदाला काढण्याचा ठराव दोनतृतीयांश मतांनी व्हावा, मतं नावानिशी नोंदवावीत, आणि ज्याच्याविरुद्ध ठराव आहे त्याने तेवढा वेळ खोलीबाहेर थांबावं. सतरा वाचून आमचे वकीलसाहेब म्हणाले होते, "हे कोणाच्या तरी अंगावर येईल हो." मी म्हटलं, "चुकेल त्याच्या येईल."

सहाव्या वर्षी बाटलीबंद पाणी विकणारी एक कंपनी देणगी घेऊन आली. नळाच्या पाण्याचा अभ्यास, आणि पैसे बाटलीवाल्यांचे! मी कलम दहावर अडून बसले. दहा बदलण्याआधी त्यांनी मला बदललं. मी स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच नियमाने, स्वयंपाकघरात उभी राहिले आणि त्या सहा जणांसाठी चहा टाकला. पुढच्या खोलीत बोलावून सांगितलं, ठराव मंजूर. त्या संध्याकाळी यजमान म्हणाले, "मी हात खालीच ठेवला होता गं. एकटा काय करणार?" मान सरळ होती.

नऊ वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. सगळं जग उलटलं तरी घरचा माणूस आपला आहे, असं मनाला सांगत राहिले. दप्तराला पुन्हा हात लावला नाही. मानी स्वभाव, दुसरं काय.

यजमान गेल्यावर, गेल्या वर्षी, ना हरकत पत्राच्या कामासाठी इतिवृत्ताची प्रमाणित प्रत काढली. ठराव चार, मला काढण्याचा. बाजूने चार, विरोधात दोन. चौथं नाव सातव्यांचं. त्यांचा हात खाली राहिला असता तर तीनास तीन होऊन ठराव पडला असता. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याखाली ठराव पाच: संशोधन सहायक म्हणून माझ्या मुलीची नेमणूक. सूचक प्राध्यापक.

त्यांनी मला सांगितलं असतं तर मी दोन दिवस भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता आणि पाचव्या दिवशी जेवायला वाढलं असतं. ते न सांगता गेले. याचा राग मला ठरावापेक्षा जास्त आहे.

४. प्राध्यापकांना माझा "सचिव" असा रबरी शिक्का द्यावा. मागच्या आठवड्यात ते येऊन म्हणाले, "ताई, खोल्या संस्थेच्या नावे करा. संस्था तुमचंच अपत्य आहे." मी म्हटलं, "अपत्याने आईला बाहेर काढलं, त्याची प्रमाणित प्रत आहे माझ्याकडे. दाखवू?" चहा न घेता गेले. दुसरं काही त्यांना देणं लागत नाही.

५. पुढच्या दोन खोल्यांची मालकीही मी मुलीला देते. अट घालत नाही. अटी घालण्यात माझं आयुष्य गेलं, त्यातली एकही कोणी पाळली नाही.

मुली, तू आज त्या संस्थेची संचालक आहेस आणि काम चांगलं करतेस, हे मी तुला कधी म्हटलं नाही. ठराव चारचं तुला माहीत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तू तेव्हा बाहेरगावी परीक्षेला होतीस. हे तुला कळू नये असंही पुष्कळदा वाटलं. पण एकटीने बाळगून मी थकले. आता घरमालकीण तू आणि संचालकही तूच. कलम दहा परत आणायचं, की कंपनीचे पैसे घेऊन बसायचं, की सगळ्यांना दुसरी जागा शोधायला लावायची, ते तुझ्या मतावर आहे. तुझ्या बापाने तुझ्यासाठी हात वर केला. तू कोणासाठी करतेस, ते बघायला मी नसेन.

६. अंमलबजावणी वकीलसाहेबांच्या सुनेने करावी. कचेरी आता तीच चालवते आणि कागद वाचल्याशिवाय सही करत नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांनीही माझ्या देखत केली.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार १: (सही) तळमजल्यावरचे औषधविक्रेते
साक्षीदार २: (सही) शेजारच्या डॉक्टरीणबाई, बुद्धी शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे

स्थळ: राहतं घर, मागची खोली
दिनांक: सहा तारीख, सोमवार, सकाळी अकरा. पुढच्या खोलीत संस्थेची बैठक चालू आहे.