घाफला पाणी नको

प्रिय लोकेशदादा,
सप्रेम जयभीम.

इथे ओमानमध्ये, सलालाहच्या रस्त्यावर, आमच्या कंपनीच्या कामगार कॅम्पजवळ, तेल शोधायला जमिनीत खोल सुरुंग उडवले. शेजारचं घाफचं जुनं झाड मुळापासून हादरलं आणि महिन्याभरात त्याची सगळी पानं गळाली. झाडं हेच माझं काम, म्हणून कंपनीने मला पाहायला पाठवलं.

बघते तर काय, कॅम्पमधले आपले लोक अपराध्यासारखे रोज संध्याकाळी बादल्या घेऊन हजर! गॅलरीतल्या तुळशीला घालतात तसं त्याला पाणी घालत होते. मी ओरडलेच, "खलास! बस्स झालं, आता एक थेंबही नको." स्फोटाने त्याची बारीक मुळं तुटली होती. तहान कमी करायला त्याने स्वतःहून पानं टाकली होती. घाफ पाणी घेतं ते खोलातून. वरच्या चिखलात त्याची उरलेली मुळं कुजायला लागली होती. सुपरवायझर प्रतापराव म्हणाले, "मॅडम, तुम्हाला दयामाया नाही." नाही तर नाही.

काल पुन्हा गेले होते. सुरुंगाच्याच बाजूला कोवळे फुटवे आलेत.

निशांतशी घटस्फोट झाल्यापासून तू रोज फोन करतोस. "जेवलीस का? नागपूरला परत ये." हल्ली मी उचलत नाही, म्हणून तू वहिनीजवळ रडलास म्हणे. दादा, मी वाळले नव्हते रे. पानं टाकली होती, एवढंच.

हे पत्र मात्र पाठवणार नाही. वाचलंस की लगेच फोन करशील.

तुझीच,
भावना